सर पाय बघून गेले

आमच्या भागात पोरगी बघायला पाहुणे येतात ना, तसे पोरांचे पाय बघायला वाहेद सर यायचे. गंगापूर, लासूर स्टेशन, पार फर्दापूरपर्यंत. ऐकीव सांगत नाही. गंगापूर माझं माहेर, आणि माझ्या चुलतभावाच्या पोराचे पाय सरांनी आमच्याच ओसरीवर बघितले. सकाळपासून घरात धांदल. वहिनीनं पोहे केले, पोराला गरम पाण्यानं पाय घासायला लावले, नखं काढली. सर आले. खुर्ची दिलेली असून खाली सतरंजीवर बसले, चहा बशीत ओतला आणि पोराच्या तोंडाकडं न बघता म्हणले, "मोजे काढ."

मग तो पाय त्यांनी हातात घेतला. टाच दाबली, घोट्याभोवती अंगठा फिरवला, बोटं एकेक करून मागं वाकवली. गुडघ्याच्या वर त्यांची नजर गेली नाही. पोराचं नाव नाही विचारलं, गोल किती मारले ते नाही विचारलं. बशी खाली ठेवली आणि एकच शब्द बोलले, "सोड."

झालं. चुलतभावाचा चेहरा जो पडला तो दिवाळीपर्यंत वर आला नाही. गावातली पोरं त्या पोराला अजून "सोड्या" म्हणतात. आणि सर "येऊ दे" म्हणले असते, तर त्याच संध्याकाळी पेढे वाटले असते. सरांचे दोनच शब्द होते, येऊ दे नाहीतर सोड, आणि त्यावर घरंच्या घरं हसायची नाहीतर रडायची.

वाहेद सर म्हणजे आमच्या शहरातल्या एका फुटबॉल क्लबाचे मॅनेजर. मॅनेजर म्हणजे तेच कोच, तेच पंचांशी भांडणारे, आणि सकाळी मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारेही तेच. शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. क्लबाकडं म्हणाल तर काही म्हणजे काही नव्हतं. बस नाही, हॉस्टेल नाही, गोलाच्या जाळीला सुतळीनं गाठी मारलेल्या. दुसरे क्लब पोरांना ट्रॅकसूट द्यायचे, खोली द्यायचे. तरी पोरं यायची ती सरांकडं. कारण सरांनी "येऊ दे" म्हणलेली पोरं पुढं कुठं कुठं गेली होती. कुणी पोलिसात, कुणी रेल्वेच्या टीममधे. एकदा सरांनी हो म्हणलं की पुढं कुणी तपासत नव्हतं. निवडणारे साहेब लोकसुद्धा विचारायचे, "वाहेदनं पाय बघितलेत ना? मग झालं." तेव्हा मला याचं लई कौतुक वाटायचं.

माझी उस्मानपुऱ्यात मेस आहे. आमचे हे वाळूजला कंपनीत असतात, पण तरुणपणी सरांच्याच टीमचे गोलकीपर. त्यामुळं बाहेरगावची पोरं आली की सर ती माझ्याकडं जेवायला धाडायचे. सिल्लोडचा अस्लम आणि वैजापूरचा गणेश माझ्या मेसमधे एकाच वाटीतला ठेचा ओढायचे. सर मात्र आत कधी बसले नाहीत. दाराच्या पायरीवर बसायचे, कुणी कसं जेवतं ते बघत.

"भाभी, इसको भात नक्को. भाकरी द्या."

"सर, मेस माझी आहे का तुमची?"

"मेस तुमची. पोट माझ्या टीमचं."

असं तोंडाला तोंड आमचं रोजचं. मला त्यांचा राग यायचा, आणि एखाद्या दिवशी ते आले नाहीत की चुकल्यासारखं व्हायचं. स्वतः एका गुडघ्यानं अधू होते, त्यामुळं पळताना त्यांना कुणी बघितलेलं नव्हतं. पण घरी कोनाड्यात स्वतःचे जुने बूट पॉलिश करून ठेवलेले. घालायचे नाहीत, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

आता एक किस्सा सांगते, तो नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिथून आलं.

जालन्याचा एक डाव्या पायाचा पोरगा होता. सगळे क्लब त्याच्या मागं. दिलीप म्हणून एक मॅनेजर होता, सरांचा जुना शागीर्द, आता दुसऱ्या क्लबात. तो तर त्या पोराच्या घरी तळ ठोकायच्या बेतात होता. सर नेमके तापानं पडलेले. उठले तेव्हा बाकीचे जालन्याला निघायच्या तयारीत. सरांनी काय करावं? क्रांती चौकाजवळच्या टपरीवर जाऊन बसले, चहा बशीत ओतला, आणि कुणाकडंही न बघता म्हणले, "बेचारा. सीधा घुटना गया उसका."

बास, एवढंच. संध्याकाळपर्यंत शहरभर झालं. वाहेद सर म्हणतात गुडघा गेला, म्हणजे गेलाच. कुणी जालन्याला फिरकलं नाही. पुढच्या आठवड्यात सर निवांत एसटीनं गेले, पाय बघितले, आणि पोराला घेऊन आले. तो पोरगा आख्खा हंगाम वाऱ्यासारखा पळला. दिलीपच्या टीमला तर त्यानं एकट्यानं लोळवलं.

मी सरांना म्हणलं, "सर, चांगलंच बनवलं की हो सगळ्यांना."

"मैंने क्या किया भाभी? मी तर चहा पीत होतो."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. आमचे हे तर खोकायला लागले. सर रुमालानं डोळे पुसत होते. दिलीप तेवढा हसला नाही. तो म्हणला, "ध्यानात ठेवीन, सर." आणि त्यानं ठेवलं.

त्याच्या पुढच्या हंगामात किरण आला.

लासूर स्टेशनचा. वडील भाऊसाहेब, बाजार समितीत मापाडी. दिलीप आधीच त्यांच्या घरी ट्रॅकसूट घेऊन जाऊन आला होता, खोली देतो म्हणला होता. किरणनं ट्रॅकसूटची घडीसुद्धा मोडली नाही. म्हणला, वाहेद सर आले तर खेळीन. सहा महिने वाट बघत बसला. सर गेले. पाय हातात घेतला, दाबला, वाकवला, खाली ठेवला. आणि जे कधी केलं नव्हतं ते केलं. पुन्हा उचलून बघितला. "येऊ दे" म्हणले आणि त्यांच्याकडं जेवून आले. भाऊसाहेबांनी आख्ख्या मार्केटात पेढे वाटले.

मला म्हणले, "भाभी, असे पाय मी जिंदगीत एकदाच बघितले."

"कुणाचे?"

"माझे."

पोरगा होता पण तसा. कमी बोलणारा, ताट धुवून ठेवणारा. धावायला लागला की मैदानाच्या कडेची चहा पिणारी माणसंसुद्धा कप खाली ठेवायची. एकदोनदा मेसमधे येताना मला त्याचे ओठ पांढरे दिसले. विचारलं तर म्हणला, "उनाचं व्हतं काकू, काय नाय." मी लिंबूसरबत दिलं. पण मनात कुठंतरी बारीक टोचत राहिलं.

मग एक दिवस त्याची आई मंदाबाई त्याला भेटायला आली. मी लासूरजवळच्या गंगापूरची, म्हणजे तिला माहेरच्यासारखीच. स्वयंपाकघरात येऊन बसली, माझ्याबरोबर भाकरी थापायला लागली. थापता थापता हात थांबला तिचा.

"ताई, एक सांगू का? माझा धाकला भाऊ कापसाच्या रानात चालता चालता पडला, तो उठलाच नाय. धडधाकट गडी व्हता. आन् किरण बी साळंत दोनदा पडला. पळताना. आमी म्हणलं, ऊन लागलं."

"सरांना सांगितलं हे?"

"कशाला सांगायचं? सरांनी पाय बघितले की. एवढा मोठा माणूस व्हय म्हणला, म्हंजे पोरात खोट नसंलच. असती तर त्याला दिसली असती."

सरांनी काय बघितलं होतं ते मला ठाऊक होतं. टाच, घोटा आणि बोटं.

"नका सांगू बरं का सरांना," ती जाताना म्हणली, "ह्याचे वडील मला घरात घ्यायचे नाहीत." मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. ती स्टँडवर पोचली नसेल, तोवर मी पायरीवर सरांना सगळं सांगून मोकळी झाले होते.

सरांच्या हातात बशी होती. ते प्याले नाहीत, खालीही ठेवली नाही. चहावर साय धरली. मग म्हणले, "मैं पैर देखता रह गया, भाभी."

दुसऱ्या दिवशी स्वतः त्याला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. छातीची सगळी तपासणी झाली. डॉक्टर म्हणले, हृदयाची भिंत जाड झालेली आहे, जन्मापासूनचं असतं, घराण्यात असतं. चालू दे, फिरू दे, शिकू दे, नोकरी करू दे. पळायचं नाही. खेळ आजपासून बंद.

त्या संध्याकाळी मैदानावर सगळ्या पोरांसमोर सरांनी किरणच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणले, "सोड." एकदा येऊ दे म्हणलेल्याला सोड म्हणलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

किरण म्हणला, "सर, मला काय होत नाय. तुमीच तर पाय बघितले."

"मैं अंधा था, बेटा."

पोरगं बूट हातात घेऊन माझ्याकडं आलं. जेवलं नाही. भिंतीकडं तोंड करून रडत बसलं. काय समजूत घालणार? त्याच्या गावात पेढे वाटून झाले होते. आता त्याला परत कोणत्या तोंडानं जायचं होतं?

भाऊसाहेब आले ते तणतणतच. सरांनी त्यांना डॉक्टरांकडं न्यायची तयारी दाखवली.

"डॉक्टर तुमच्याच वळखीचा," भाऊसाहेब म्हणले. "मला येडं नका समजू. तुमाला दुसरा कुणी भेटला असंल. माझ्या पोराला काढायचं तर काढा, पण असा डाग लावून नका काढू. उद्या कोण घेईल त्याला?"

"कुणीच घेऊ नये, भाऊसाहेब. तेच तर सांगतोय."

"बघा, म्हंजे तुमच्याकडं नाय तर कुणाकडंच नाय."

मी मधे पडले, मंदाबाईच्या भावाचं नाव काढलं. भाऊसाहेब माझ्यावर उखडले. "तो दारू पिऊन मेला," म्हणले. त्यांच्याबरोबर आलेली मंदाबाई दारात उभी होती. तिनं मान हलवली, नाही म्हणून. ते त्यांनी बघितलं नाही.

दोन दिवसांनी दिलीप आला. माझ्याच मेसवर, तोवर माझ्याकडंच राहिलेल्या किरणची वळकटी न्यायला. सर पायरीवर बसलेले. ते उठले, दिलीपच्या आडवे उभे राहिले.

"दिलीप, इसको मत ले जा. इसका दिल कमजोर है. डॉक्टरने बोला है."

दिलीप हसला. "सर, जालन्यावाल्याचा गुडघा गेला होता, याचं हृदय गेलं का?"

"वो झूठ था. हे खरं आहे."

"तेव्हाही मला खरंच वाटलं होतं. तुम्ही पाय बघून आणलेला पोरगा मी सोडू? तुम्ही नको म्हणता म्हणजे तर सोडायलाच नको."

सरांनी रिपोर्ट पुढं केला. दिलीपनं हातसुद्धा लावला नाही. सरांनी खुदाची शपथ घेतली. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून शपथ ऐकली नव्हती. मग त्या माणसानं, दिलीपला ज्यानं बुटाची लेस बांधायला शिकवली होती त्या माणसानं, दिलीपचे दोन्ही हात धरले. दिलीप थोडा वेळ घुटमळला. मला वाटलं, ऐकतो आता. पण त्यानं हात सोडवून घेतले आणि म्हणला, "लई भारी, सर. चहापेक्षा हे भारी होतं." वळकटी उचलली आणि गाडीवर टाकली. किरण मागं बसला. वळून बघितलं नाही पोरानं.

सर तिथून दुसऱ्या क्लबांकडं गेले, मॅचेस भरवणाऱ्या कमिटीवाल्यांकडं गेले. सगळीकडं एकच. चहा पाजायचे, मान डोलवायचे, आणि सरांची पाठ फिरली की एकमेकांना टाळी द्यायचे. झालं असं की सर जितकं नको नको म्हणायचे, तितका किरणचा भाव वाढायचा. लोक म्हणायला लागले, वाहेद सर एवढा जीव टाकतायत म्हणजे पोरगा काय असेल.

त्यानंतर सरांनी स्वतःच्या टीमकडं बघणं सोडलं. रोज दिलीपच्या क्लबाच्या मैदानावर जाऊन कडेला उभे राहायचे. ओळखीच्या गफूरची रिक्षा फाटकाशी, तोंड रस्त्याकडं करून. गफूरला गाडी सोडून पानाच्या दुकानापर्यंतसुद्धा जाऊ द्यायचे नाहीत. लोक म्हणायचे, वाहेद हेरगिरी करतो. एकदा आमच्या ह्यांनी त्यांना तिथं बघितलं. घरी येऊन मला म्हणले, "सर पायाकडं बघतच नाहीत गं. नुसतं तोंडाकडं बघत असतात." त्या दिवसापासून माझा फोन वाजला की माझा हात उचलायला तयार नसायचा.

पहिली मोठी मॅच लागली. मंदाबाई लासूरहून आली. नवऱ्यानं नवी साडी घेऊन दिली होती, ती नेसून. मला म्हणली, "ताई, चला ना. मला एकटीला बसवत नाय." आम्ही पायऱ्यांवर बसलो. समोरच्या कडेला सर उभे होते.

किरण खेळला. काय खेळला म्हणून सांगू. मला फुटबॉलातलं कळतं किती, तरी डोळे हलवता येईनात. माणसं शिट्ट्या मारत होती. मंदाबाईनं माझा हात धरलेला, आणि तो हात तिनं एकदाही सैल केला नाही. मग किरण बॉल घेऊन एकटा सुटला. आजूबाजूला कुणी नाही, अंगाला कुणाचा धक्का नाही. आणि पुढच्या पुढं वाकला आणि पडला. बॉल तसाच पुढं गेला.

लोक हसले काही. त्यांना वाटलं घसरला. पंचानं शिट्टीसुद्धा वाजवली नाही. पण समोरून सर निघाले होते. ज्यांना कुणी पळताना बघितलं नव्हतं ते वाहेद सर पळत होते, एक पाय ओढत, चप्पल मागंच राहिलेली. सगळ्यांच्या आधी तेच पोचले. छातीवर दोन्ही हात ठेवून दाबत होते, ओरडून गफूरला बोलावत होते. रिक्षा थेट मैदानात आली.

दवाखाना जवळ होता. उपयोग झाला नाही.

दहाव्याला आम्ही लासूरला गेलो. दिलीप आलेला, डोळे सुजलेले, येईल त्याला हात जोडून सांगत होता, "सरांनी मला आधीच सांगितलं होतं हो. मीच ऐकलं नाही." त्याचं रडणं खोटं नव्हतं. पण ऐकणारे काय ऐकत होते? ते एकमेकांना म्हणत होते, "काय नजर आहे त्या माणसाची. नुसते पाय बघून हृदयातलं ओळखलं."

सर लांब, लिंबाखाली बसलेले. भाऊसाहेब उठून त्यांच्याकडं गेले आणि सगळ्यांदेखत त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "तुमाला दिसलं व्हतं, सर. मलाच दिसलं नाय."

सरांनी पाय ओढून घेतले. "नाही भाऊसाहेब. मला काहीच दिसलं नव्हतं. त्याच्या आईनं सांगितलं म्हणून कळलं. पायात कुछ नहीं दिखता."

मी शेजारीच होते, मी स्पष्ट ऐकलं. बाकीच्यांनीही ऐकलं. त्यांना वाटलं, मोठा माणूस आहे, मोठेपणा घेत नाही. एकट्या मंदाबाईनं मान वर केली आणि सरांकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मला ते बघणं सहन झालं नाही, मी तोंड फिरवलं.

त्यानंतर सरांनी क्लब सोडला. पुढं मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली, घराला कुलूप लागलं. मी त्यांना शेवटचं बघितलं ते जायच्या आधी, डबा द्यायला गेले तेव्हा. कोनाड्यातले बूट नव्हते. कुणाला दिले, काय केले, विचारायचा धीर झाला नाही.

अंगण मात्र भरलेलं होतं. कन्नडची, पैठणची, कुठली कुठली पोरं, त्यांचे बाप, त्यांच्या आया. क्लब सोडला तरी येतच होती. आता तर पाय बघून जीवाचंसुद्धा सांगतात अशी ख्याती झालेली. सर बाजेवर बसलेले, डोळे मिटून. मी हाक मारली, तरी उघडले नाहीत.

"भाभी, इनको बोलो, घर जाव. मला काय दिसत नाय."

मी सांगितलं. लई मोठ्यानं सांगितलं, शिव्यासुद्धा घातल्या. कुणी हललं नाही. एका बापानं पोराला पुढं ढकललं. पोरगं बाजेशी बसलं आणि त्यानं आपला उघडा पाय उचलून सरांच्या मांडीवर ठेवला. सरांनी हात पाठीमागं नेले, डोळे आणखी घट्ट मिटले.

मी आधीचा रिकामा डबा घेऊन निघाले. फाटकाजवळच्या नळावर एक बाई आपल्या पोराचे पाय घासत होती. त्याला म्हणत होती, "नीट धू रं. सर आता डोळे मिटून बघतात."